गोलपोस्ट सोडून साइडलाइनला: गोलकीपर ते कोच, माझा अनुभव

गोलकीपर कोच व्हायचं तर काय करायचं, म्हणून टिळकवाडी आणि अनगोळची दोन-तीन पोरं घरी येऊन विचारून गेली. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो.

मी बेळगावचाच, लेले ग्राउंडवर खेळून मोठा झालो. उंची होती म्हणून थोरल्या पोरांनी गोलात उभं केलं आणि मला ती जागा आवडली, सगळं मैदान समोर दिसतं, कोण मोकळा सुटलाय ते आधी आपल्यालाच कळतं. पण तेव्हा कीपरला वेगळं असं कोण शिकवायचंच नाही हो. प्रॅक्टिस संपत आली की सगळे लाइनीत उभारून शॉट मारायचे आणि आपण पडत राहायचं, झालं ट्रेनिंग. जुनी माणसं गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांचं सांगायची, भारताचे कॅप्टन होते, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला. घाट उतरला की त्यांचं गाव, म्हणजे इथनं पण होऊ शकतंय असं वाटायचं.

पुढं कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर खेळायला मिळालं. तिथल्या पेठांच्या टीमांचं पब्लिक म्हणजे काय ते तिथं गोलात उभारल्याशिवाय कळायचं नाही. त्या आवाजात आपला स्टॉपर, म्हणजे गोलासमोरचा मधला डिफेंडर, दहा पावलांवर असला तरी त्याला ऐकू जात नाही, म्हणून क्रॉस, म्हणजे कडेनं गोलासमोर मारलेला बॉल, यायच्या आधीच, बॉल अजून कडेच्या विंगरच्या पायात असतानाच बोलायचं, हे मी तिथं शिकलो आणि आज पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतो.

मग खांदा गेला. उन्हाळ्यात आपली तांबडी माती किती कडक होते माहीतच आहे, उजवीकडं डाइव्ह मारली आणि खांदा निखळला. बरा झाला, परत खेळलो, परत निखळला, मग डॉक्टर म्हणाले आता डाइव्ह बंद. उद्यमबागेत मशीन शॉपला नोकरी होती म्हणून घर चाललं, पण संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पाय आपोआप ग्राउंडकडं जायचे आणि नुसतं बघत उभारायला जीव लागायचा नाही. त्यातनंच कोचिंगचं डोक्यात आलं.

ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं कोचिंगचं डी लायसन्स हा सहा दिवसांचा कोर्स, सकाळी ग्राउंड, दुपारी वर्ग, परत ग्राउंड. तिथं कीपर म्हणून वेगळी वागणूक नसते, तुम्हाला पासिंगचं, डिफेंडिंगचं सेशन घ्यायला लावतात आणि बाकीचे कोच तुमचे खेळाडू होतात. खुणेचे प्लास्टिकचे कोन किती अंतरावर लावले, खेळ कुठं थांबवला, थांबवून काय बोललात, थोडक्यात बोललात का, सगळं बघतात. शिकवणारे इंग्रजीत बोलायचे, अडलं की हिंदीत समजावून सांगायचे, त्यामुळं भाषेची भीती मनातनं काढून टाका. पुढं सी, बी, ए असं चढत जायचं, आणि गोलकीपिंगचे लेव्हल 1, 2, 3 हे वेगळे.

आता खरं काम सांगतो. पोराला डाइव्ह शिकवायची घाई करू नका. आधी पाय. समोरचा शॉट मारायला पाय मागं घेतो त्या क्षणी कीपरचे दोन्ही पाय जमिनीवर आणि अंग स्थिर पाहिजे, चालता चालता शॉट आला की हात कितीही चांगले असू देत, उपयोग नाही. दुसरं म्हणजे अँगल, म्हणजे बॉल आणि दोन पोस्ट यांच्यातली जागा झाकायला कुठं उभारायचं ते. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 उंच, बारा वर्षांचं पोरगं तिथं उभारलं की हरवून जातं. मी काय करतो, दोन्ही पोस्टला दोरी बांधतो आणि दोन्ही टोकं बॉलपाशी आणून खुंटीला बांधतो, मग पोराला दोन दोऱ्यांच्या मधे उभं करून एकेक पाऊल पुढं यायला लावतो. लाइनीवर असताना दोऱ्या लांब असतात, चार पावलं पुढं आलं की दोन्ही हातांना लागायला लागतात. एक शब्द बोलावा लागत नाही, पोराचा चेहराच सांगतो की समजलं. आमच्यात मराठी, कन्नड, उर्दू सगळी पोरं आहेत, दोरी सगळ्यांना सारखीच कळते.

नियम पण बदलत राहतात, ते कोचला माहीत पाहिजेत. 1992 पासनं आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला पास हातात घेता येत नाही, 2019 पासनं गोलकिक पेनल्टी बॉक्सबाहेर जायची वाट न बघता आपला खेळाडू बॉक्समधेच तो बॉल खेळू शकतो, म्हणजे कीपरला आता पायानं खेळता आलंच पाहिजे. आणि 2025 पासनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला की समोरच्या टीमला कॉर्नर. रेफरी शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो, पोरांना तो हात बघायची सवय लावा.

ग्लोव्हजचं सांगायचं राहिलं. आपल्या मातीत तळहातावरचं लेटेक्स, म्हणजे पकड देणारं रबर, लवकर उडतं, म्हणून मॅचचे वेगळे आणि प्रॅक्टिसचे वेगळे ठेवा, घालायच्या आधी थोडे ओले करा, नंतर कोमट पाण्यात हातानं धुवून सावलीत वाळवा, उन्हात टाकले की कडक होऊन तडकतात.

मला मनापासनं वाटतं की बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या प्रत्येक टीमनं आठवड्यातनं एक संध्याकाळ तरी फक्त कीपरना द्यावी. स्ट्रायकरवर जेवढा वेळ घालवता त्याच्या निम्मा तरी. आमच्या वेळी कोणी दिला नाही, आता देणारी माणसं आहेत, नुसतं बोलवायला पाहिजे.

माझं सध्या लेव्हल 1 ची तयारी चाललीय. रविवारी सकाळी कीपरांची बॅच असते, फी नाही. कुणाकडं पाच ते सात नंबरचे जुने ग्लोव्हज पडून असतील तर आणून द्या, बारक्या पोरांना तेच बसतात.