आधी बोट, मग पाइप

घासलेल्या फुटपट्टीने कागदाचे कपटे उचलले, की प्रयोग झाला असे मुलांना वाटते. कपट्यांवर मात्र निव्वळ प्रभार नसतोच. पट्टी जवळ आली की त्यांच्या रेणूंमधला प्रभार किंचित सरकतो, विजातीय बाजू पट्टीकडे येते आणि कपटा ओढला जातो. म्हणजे आकर्षण दिसले म्हणून दोन्ही वस्तू प्रभारित ठरत नाहीत. खात्री देते ते प्रतिकर्षण. ते डोळ्यांनी पाहायचे तर विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार आहे की नाही हे दाखवणारे साधे उपकरण, घरीच करावा.

काचेची कोरडी बरणी घ्या. झाकण प्लॅस्टिकचेच हवे. पत्र्याच्या झाकणाला तार टेकली तर प्रभार झाकणावरही पसरतो आणि हात लागताच निघून जातो. झाकणातून तांब्याची उघडी तार घाला, वरच्या टोकाला चकलीसारखी गुंडाळी, खालच्या टोकाला आकडा. आकड्यात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या ४ सेंमी × १ सेंमीच्या दोन पट्ट्या सैल अडकवा. एक पट्टी जेमतेम १५ मिलिग्रॅमची. प्रत्येकीवर १ नॅनोकूलोम प्रभार आणि मध्ये १ सेंमी अंतर धरले, तर कूलोमच्या नियमाने प्रतिकर्षण सुमारे ९ मिलिग्रॅम वजनाएवढे येते. पट्ट्या फाकायला तेवढे पुरते. (१ नॅनोकूलोम म्हणजे सुमारे ६.२५ अब्ज इलेक्ट्रॉन!)

आता प्रवर्तन, म्हणजे न टेकवता दुसऱ्या वस्तूला प्रभारित करणे. लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप ऋणप्रभारित होतो. तो गुंडाळीजवळ आणा, टेकवू नका. इलेक्ट्रॉन खाली ढकलले जातात, पट्ट्या फाकतात. पाइप तिथेच धरून गुंडाळीला बोट लावा. इलेक्ट्रॉन शरीरातून जमिनीकडे जातात, पट्ट्या मिटतात. आधी बोट काढा, मग पाइप. पट्ट्या पुन्हा फाकतील, या वेळी धनप्रभाराने. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: पाइप आधी हलवला, तर गेलेले इलेक्ट्रॉन बोटातूनच परत येतात आणि हाती काही उरत नाही.

प्रभार धन आहे हे तपासायला तोच पाइप पुन्हा हळूहळू जवळ न्या. पट्ट्या मिटू लागतील. फार जवळ नेला तर त्या परत फाकतात, म्हणून पहिली हालचालच नोंदवायची.

जुलैत मुंबईत किंवा कोकणात हा प्रयोग बहुधा फसतो. काचेवर आणि झाकणावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, प्रभार त्यावरून झिरपतो. बरणी, झाकण, पाइप, लोकर सगळे हेअर ड्रायरने वाळवून लगेच करून पाहा. नाहीतर जानेवारीतली कोरडी दुपार गाठा.