जुन्या मॅसीचं इंजन लाल नसतं

आधी हे सांगून टाकतो, मग बाकीचं. जुन्या मॅसीचं, म्हणजे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचं, बॉनेट लाल, मडगार्ड लाल, आणि खालचं सगळं, म्हणजे इंजन, गिअरबॉक्स, हाउसिंग, पुढचा एक्सल, हे करडं. ग्रे. आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात हे कोणाला पटत नाही, कारण इथे दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर धुतला की लाल ऑइलपेंटचा डबा आणायचा आणि ब्रश जिथे पोहोचेल तिथे फिरवायचा अशी पद्धत, त्यात चेंबर लाल, फॅन लाल, रेडिएटरचा होज पाइप लाल, बॅटरीची वायर लाल आणि रंगवणाऱ्या पोराचे हात कोपरापर्यंत लाल. असे दसऱ्यामागून दसरे गेले की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही वाटतं मॅसी असाच आला होता.

हा ग्रे आला फर्ग्युसनकडून. हॅरी फर्ग्युसन आयर्लंडचा, डोक्याने तेज आणि रंगाच्या बाबतीत हट्टी. १९४६ पासून इंग्लंडात कोव्हेंट्रीला त्याचे टीई-२० बनायला लागले, पाच लाखांच्या वर बनले, आणि करडेच. मॅसी-हॅरिस ही वेगळी कंपनी, कॅनडाची, तिचे ट्रॅक्टर लाल आणि चाकं पिवळी. १९५३ ला दोन्ही एकत्र झाल्या तरी पुढे काही वर्षं दोन्हीकडचे लोक आपापले ट्रॅक्टर आपापल्या रंगात वेगवेगळे विकत राहिले. १९५६ ला ३५ नंबरचं मॉडेल आलं ते करडा पत्रा आणि सोनेरी इंजन अशा अवतारात, आणि १९५७ संपता संपता ठरलं की वरचा पत्रा लाल, खालचं धूड करडं. सोयरिकीत दोन्हीकडचा मान राखतात ना, तसं. नंतर १९६० मध्ये मद्रासला टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी निघाली, मॅसीशी करार झाला, आणि हेच ३५ चं घराणं आपल्याकडे १०३५ म्हणून शेताशेतात पोहोचलं. इंजन तिथल्याच सिम्पसनचं, मूळ डिझाइन पर्किन्सचं, तीन सिलिंडर, १५२ घन इंच म्हणजे साधारण अडीच लिटर. त्या इंजनाचा आवाज आमच्याकडे झोपेत पण ओळखतात.

आमचा आजोबांनी घेतलेला, सत्तरच्या दशकातला. बरीच वर्षं खळ्यात बाभळीखाली उभा होता, टायर जमिनीत रुतलेले, सायलेन्सरवर उपडा डबा घातलेला म्हणून इंजनात पाणी गेलं नाही हे नशीब. भंगारवाला किलोवर मागत होता. वडील म्हणे देऊन टाक, मी म्हणलं थांबा.

लोकांना वाटतं जुना ट्रॅक्टर उभा करायचा म्हणजे पार्ट मिळणार नाहीत. मॅसीच्या बाबतीत उलटं आहे. या इंजनाची भावंडं अजून शेतात नांगर ओढताहेत, त्यामुळे धुळ्याला किंवा जळगावला स्पेअरच्या दुकानात उभं राहिलं की लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट किट, क्लच प्लेट, सगळं अर्ध्या तासात काउंटरवर. अडचण ही की एकाच पार्टचे तीन भाव असतात, एक कंपनीचा, एक बऱ्या ब्रँडचा, आणि एक असा की ज्याच्या खोक्यावर सगळं बरोबर छापलेलं असतं पण आतल्या मालावर ना नंबर ना मार्क. दुकानदार तिसराच पुढे करतो आणि म्हणतो "भाऊ, चालतो हा, गॅरंटी माझी". मी सरळ वजनकाटा मागायचो. पिस्टन तीन असतात, तिन्ही वजनात जुळले पाहिजेत, आणि स्वस्तातल्या सेटमध्ये तेच जुळत नाहीत. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, या इंजनाला ड्राय असतात, म्हणजे ब्लॉकमध्ये दाबून बसतात, त्यामुळे बाहेरचं माप जरा इकडे तिकडे झालं तरी एकतर बसत नाही किंवा बसून ढिला राहतो, मग इंजन तापतं आणि शेतकरी रेडिएटरला शिव्या देतो.

इंजनाचं काम चाचांनी केलं. चाचा म्हणजे आमच्याकडचे जुने मिस्त्री, तोंडात कायम तंबाखू, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात. क्रँकच्या मागचं ऑइल सील या इंजनात दोरीचं असतं, दोन अर्ध्या गोलात बसवायचं, आणि नवीन पोरं काय करतात की दोरीची टोकं ब्लेडने एकदम सपाट कापून टाकतात, दिसायला छान दिसतं आणि दुसऱ्याच दिवशी क्लच हाउसिंगमधून ऑइल टपकायला लागतं. चाचांनी दोरी आधी ऑइलात भिजवली, खोबणीत गोल दांड्याने हळूहळू दाबत नेली आणि टोकं किंचित बाहेर ठेवली, दोन्हीकडची टोकं एकमेकांवर दाबली गेली पाहिजेत म्हणून. टॅपेटची फट थंड इंजनावर बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश. पंप आणि नोझल मात्र कॅलिब्रेशनवाल्याकडे पाठवले, डीपीए पंप (नोझलला मापात डिझेल पाठवणारा) गल्लीत उघडायची वस्तू नाही हे चाचांचंच म्हणणं, आणि स्वतःला काय येत नाही हे सांगणारा मिस्त्री मिळाला की त्याला सोडू नये.

नटबोल्टांचं प्रकरण वेगळंच. जुनी मॅसी इंग्रजी मापाची, आटे इंचातले, आणि आपल्या गॅरेजमधले पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाला १३ चा पाना बसतो, पाऊण इंचाला १९ चा ठोकून बसतो, पण नऊ सोळांश आला की १४ चा आत जात नाही आणि १५ चा घसरतो. आमच्या ट्रॅक्टरचे निम्मे बोल्ट गोल झाले होते ते या १५ च्या पान्याने. आणि काही ठिकाणी कोणीतरी मेट्रिक बोल्ट इंची आट्यात दाबून घातलेले, अर्धा आटा जाऊन अडकले की वरून वेल्डिंग! लेथवाल्याकडून ते काढून, आटे परत पाडून, इंची बोल्ट शोधून लावले. हे काम फोटोत दिसत नाही, कोणी कौतुक करत नाही, पण रिस्टोरेशन म्हणून खरा घाम इथेच जातो, असं माझं मत.

लिफ्टबद्दल, म्हणजे मागचं अवजार ऑइलच्या दाबाने उचलणाऱ्या यंत्रणेबद्दल, थोडंच लिहितो. फर्ग्युसनची खरी करामत तीच आहे, नांगर जमिनीत जड झाला की टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा दांडा) मागच्या स्प्रिंगला दाबते आणि लिफ्ट आपोआप नांगर केसभर उचलते. आमच्या काळ्या जमिनीत, कापसाच्या शेतात, याची किंमत कळते. याचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो आणि गिअरचं नि लिफ्टचं ऑइल एकच, म्हणून गिअरबॉक्समध्ये पाणी किंवा कचरा गेला की लिफ्ट आधी मरते. ओ-रिंगा बदलल्या, पोटात साचलेला काळा खरवस काढला, नवीन ऑइल भरलं, उचलते आता.

आता रंग. माझा सगळ्यात जास्त वेळ, डोकं आणि भांडणं इथे गेली.

मूळ रंग शोधायचा तर उन्हात दिसणारी जागा उपयोगाची नाही. नंबर प्लेटच्या मागे, बॅटरीच्या ट्रेखाली, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला बघायचं. आम्ही हाउसिंगवरची धातूची पट्टी रिवेट तोडून काढली, तिच्याखालचा पोस्टकार्डाहून लहान तुकडा ब्लेडने तिरका खरवडला. वरून चकचकीत लाल, त्याखाली विटका गुलाबी झालेला लाल, मध्ये कोणी एकदा सिल्व्हर पण मारलेला, मग तेल आणि मातीचा काळा थर, आणि सगळ्यात खाली लोखंडाला चिकटून पातळसा करडा. रॉकेलच्या बोळ्याने पुसला तर थोडा निळसर वाटतो, वाळला की नुसता राखाडी. तिथेच ठरलं.

पेंटरकाका म्हणाले ग्रे म्हणजे कोणता ते बोला, स्मोक ग्रे की डार्क ॲडमिरल्टी? आणि लाल सिग्नल रेड की पोस्ट ऑफिस रेड? तयार डब्यातलं एकही जुळलं नाही. मग पट्टीखालचा तुकडा रबिंग कंपाउंडने हलका घासून उजळवला, बॅटरीची ट्रेच खोलून टिंटिंग मशीनवाल्याकडे नेली, आणि थेंब थेंब वाढवत सॅम्पल पत्र्यावर मारत गेलो. ओला रंग नेहमी फसवतो, वाळल्यावर उन्हात धरूनच बघायचा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हो म्हणायचं नाही. लालचं सॅम्पल बॉनेटच्या बिजागरीखाली मिळालं, तो आजच्या ट्रॅक्टरांच्या लालपेक्षा जरा विटेकडे झुकणारा.

काकांची इच्छा होती सगळीकडे पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारून वरून क्लिअर कोट, आरशासारखा. मी नको म्हणलं. ते म्हणाले, "मग पैसे कशाला घालवतोय?" त्यांचं पण बरोबर आहे, त्यांच्या धंद्यात चमक हीच पावती. शेवटी तडजोड अशी केली की पत्र्याला एनॅमल, आणि करड्या भागाला पीयू पण क्लिअर कोटशिवाय. पंपाजवळ, नोझलजवळ डिझेल झिरपतंच, आणि साधा एनॅमल डिझेलने मऊ पडून बोटाला लागतो, म्हणून तिथे पीयू हवाच. पीयू मारताना मास्क चांगला लावा, त्याचं हार्डनर छातीला वाईट, तोंडाला रुमाल बांधून चालत नाही. आणि एक, इंजन-गिअरबॉक्सवर सॅन्डब्लास्टिंग करू नका, कोणी कितीही स्वस्तात देत असेल तरी, वाळूचा एक कण सीलमधून आत गेला की बेअरिंग खाऊन टाकतो. ब्लास्टिंग फक्त सुट्या रिमांना. बाकी डिझेल, पत्री, वायर ब्रश आणि वेळ.

आमच्याकडे हवामान पण बघावं लागतं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि हात फिरवला तर पॉलिश पेपर. स्लो थिनर टाकला तरी धूळ आहेच. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरी झाक येते. त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस, सकाळी दव उडाल्यावर अकरा-बाराच्या सुमारास, खाली पाणी मारून, आणि शेजारी कोणी कापूस भरत नाहीये ना ते बघून, कारण ओल्या लालवर कापसाचे तंतू चिकटले की काढता काढता रडू येतं.

पहिला करडा हात झाला तेव्हा समोरचे नाना आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणे, "काय रे भो, हाऊ रंग सरी गया का? निम्मा तसाच शे." म्हणजे रंग संपला का, निम्मा तसाच आहे. त्यांना मी मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि जाताना म्हणे, "लाल कर, लाल. चांगला दिसी."

काही गोष्टी मी मुद्दाम ओरिजिनल केल्या नाहीत. मडगार्डवरची अँगलची सीट, टेपचं खोकं, चार हॉर्न, हे सगळं उतरवलं. पण मागचा ड्रॉबार आजोबांनी गावच्या लोहाराकडून जाड पाटा लावून घेतलेला, तो कंपनीचा नाही, कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही, तो तसाच ठेवला आणि करडा रंगवला. शुद्धतावादी मंडळी रागावतील. रागावू दे, ट्रॉली याच पाट्यावर ओढायची आहे, हा ट्रॅक्टर शोकेसमध्ये जाणार नाही.

सेल्फ मारला की धरतो, तीन सिलिंडर एकसारखे वाजतात, धूर सुरुवातीला थोडा पांढरा आणि मग साफ. बॉनेटवरचा तीन त्रिकोणांचा बॅज पण जुनाच मिळाला, घासून लावला, बाजारातल्या चमकी स्टिकरपेक्षा कितीतरी बरा.

एवढ्यात एकच गोष्ट अडलीये, ट्रॅक्टरमीटर. इंजनावरून येणाऱ्या केबलवर चालणारा, आरपीएम आणि तास दोन्ही दाखवणारा, पीटीओच्या (मागून यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांची खूण असलेला जुना गोल मीटर. नवीन मिळतो पण त्याची डायल बघूनच कळतं कालची आहे. कोणाकडे खळ्यात, माळ्यावर पडला असेल तर कळवा, बंद असला तरी चालेल, काच फुटलेली असली तरी चालेल, फक्त डायल जुनी पाहिजे. आणि भाव आधीच सांगा, कारण मागच्या वेळी 'विंटेज' हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि समोरच्याने तिथल्या तिथे किंमत डबल केली.