तुम्ही विचारलंत म्हणून: माझी घरे पडकी का?

मी शिल्पकार आहे; चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, अर्ध्यामुर्ध्या भिंती रचते आणि त्या उघड्यावर ठेवते. त्या पाहिल्यावर हमखास येणारा प्रश्न तुम्हीही विचारलात: ‘तुमची घरे नेहमी पडकीच का?’

चिरा खाणीतून निघताना बराच मऊ असतो. हवा लागली की तो कठीण होत जातो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. त्यांत शेवाळ धरते, पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी त्या ओलीत रुजते आणि केसाएवढे मूळ सांध्यातल्या चुन्याचा माग काढत आत शिरते. म्हणूनच आपल्याकडे पावसाआधी कौले शाकारायची, मातीच्या भिंतींना झाप बांधायचे आणि रोपटी उपटायची अशी रीत होती. घर उभे राहते ते या कामावर. जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा मठ १८३५ मध्ये धर्मसंघांना बाहेर काढल्यावर ओस पडला. १८४२ मध्ये तिथल्या चर्चचे घुमटाकार छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचाही काही भाग ढासळला.

रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन शिल्पकाराने जानेवारी १९७० मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या एका जुन्या लाकडी शेडवर मातीच्या वीस खेपा ओतवल्या आणि आढे मोडताच काम थांबवले. पुढे त्या शेडचे जे होईल ते होऊ द्यावे, अशी त्याची इच्छा होती. इमारत आणि माती यांच्यातला ताण इतक्या थेटपणे दाखवणारे दुसरे काम मला ठाऊक नाही. तरीही त्यात माणसाचा हात आढे मोडेपर्यंतच आहे, आणि आपल्या पावसात राहणाऱ्याला तेवढे पुरत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक भिंतीचा अर्धा भाग मी मे महिन्यात खरवडून, सांध्यांत नवा चुना भरून घेते आणि उरलेल्या अर्ध्याला हात लावत नाही. दोन्ही भाग जिथे भेटतात तिथला चिरा हळूहळू सरकू लागतो. माझे शिल्प म्हणजे ती जागा. सिमेंट मी वापरत नाही, कारण त्याचा गिलावा ओल आत कोंडून ठेवतो आणि भिंतीला काय होते आहे ते वरून कळतच नाही. आज डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या इमारतींविषयी माझी मोठी तक्रार हीच आहे.

त्यामुळे भिंत मागणाऱ्याला मी आधी विचारते की दर मे महिन्यात अर्धा भाग कोण साफ करणार, आणि माणूस ठरलेला नसेल तर भिंत देत नाही.