फडताळातला होका

होडीवर जीपीएस आला आणि मामाने जुना होका आमच्याकडे आणून टाकला. तेव्हापासून तो अलिबागच्या घरी, फडताळात मिठाच्या बरणीशेजारी असतो. लोखंडी तवा जवळ नेला की सुई बिथरते. तवा उचलला की मुकाट्याने उत्तरेला.

लहानपणी वाटायचं, पृथ्वीच्या पोटात एक भलामोठा लोहचुंबक पुरून ठेवलाय. पण लोखंड ७७० अंशांवर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, आणि तिथे तर हजारो अंशांची भट्टी. चुंबक टिकायचा कसा?

उत्तर समोर चुलीवरच असतं. उकड्या तांदळाची पेज रटरटते तेव्हा तळाची वर येते, वरची निवून खाली बसते. सुमारे २,९०० किलोमीटर खोल असंच वितळलेलं लोखंड घुसळतंय. अगदी मधोमध घट्ट गोळा आहे. निवत निवत त्यावर लोखंड गोठतं, उरलेला हलका ऐवज वर चढतो. पृथ्वीच्या फिरण्याने या प्रवाहांना पीळ पडतो. वेग म्हणाल तर वर्षाला पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे अलिबागहून रेवदंड्याला पोचायला वर्ष! आमची एसटीसुद्धा इतकी रखडत नाही.

चुंबकक्षेत्रातून लोखंड वाहिलं की वीज निर्माण होते, त्या विजेतून पुन्हा चुंबकक्षेत्र. सायकलच्या डायनॅमोत चुंबक कारखान्यातूनच बसवलेला असतो. इथला कारभार दह्यासारखा, कालच्या विरजणावर आजचं लागतं. जोसेफ लार्मोर यांनी १९१९ मध्ये सूर्याच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल हे सुचवलं. पहिलं विरजण बाहेरून आलेलं, चिमूटभर असलं तरी पुरतं.

या पेजेची नाडी आमच्या गावातच मोजतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला आलं. तिथल्या सुया तव्यालाही भितात, असं मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग जेवतात कशात?"

मामाला सांगितलं, सह्याद्रीचा बराचसा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना तेव्हाची दिशा धरून बसलाय, आणि ती उलटी आहे. तेव्हा तुझा होका दक्षिणेला वळला असता.

मामा जाळं शिवत होता. "तरी बंदरात आलोच असतो," म्हणाला. "कुलाबा किल्ला दिसतो की."

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी किल्ला कुठला, हे मी त्याला सांगितलं नाही.