मेटालिका नेमकी कधी बिघडली? तुम्ही विचारलंत म्हणून...

मी साऊंडचं काम करतो. कॉलेजांची गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, अधूनमधून एखादा रॉक बँड. अंगात बहुतेक वेळा मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा काळा टी-शर्ट असतो. त्यामुळे साऊंडचेक झाला आणि कार्यक्रमाला अवकाश असला की कुणीतरी मिक्सरपाशी येऊन उभं राहतंच. कधी ड्रमर पोरगा, कधी त्याचे वडील. प्रश्न ठरलेला: "मेटालिका नेमकी कुठल्या अल्बमपासून बिघडली हो?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच तयार असतं, त्याला त्यावर फक्त माझी सही हवी असते.

सही मी देत नाही, कारण माझं म्हणणं थोडं अडचणीचं आहे. चाहत्यांना ज्या ज्या वेळी काहीतरी खटकलं, त्या त्या वेळी त्यांच्या कानांनी ते बरोबर पकडलं होतं. बदल खरंच झालेला होता आणि तो मोजून दाखवता येतो. मात्र तो का झाला, हे सांगताना हीच मंडळी हमखास एकच शिक्का काढतात: पैशासाठी विकले गेले. तो शिक्का बहुतेक अल्बमांवर बसत नाही.

हा आरोप किती जुना आहे तेही बघा. १९८३ साली पहिला अल्बम आला, 'किल एम ऑल'. सगळा वेग आणि आरडाओरडा. पुढच्याच वर्षी 'राइड द लाइटनिंग'वर 'फेड टू ब्लॅक' नावाचं गाणं निघालं, जे अकूस्टिक गिटारवर संथपणे सुरू होतं. झालं. अमेरिकेतल्या थ्रॅशवाल्या, म्हणजे भन्नाट वेगाचं मेटल ऐकणाऱ्या पोरांनी तेव्हाच बोंब ठोकली की हे विकले गेले. बँडचा हा दुसराच अल्बम होता! तेव्हा "१९९१ नंतर बिघडले" म्हणणारा सात वर्षं उशिरा पोचलेला असतो.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. १९८८चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हेडफोनवर लावा आणि बास गिटार शोधा. सापडणार नाही. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९८६मध्ये, स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बँडचा बास वाजवणारा क्लिफ बर्टन गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा पहिला पूर्ण अल्बम. चाहत्यांनी लगेच कथा रचली: नव्या पोराचा छळ करायचा म्हणून त्याचा आवाज दाबला. छळ झाला हे खरंच, बँडवाल्यांनीही ते नाकारलेलं नाही. मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननंही पुढे सांगितलं की बास कमी करा, अजून कमी करा, असा हुकूम ड्रमर लार्स उलरिककडून आला होता. पण कानानं ऐकलंत तर त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे जेसन बऱ्याच ठिकाणी गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या गिटारचीच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी धून, पिकनं, सुराला सूर लावून वाजवतो. अशी दोन वाद्यं एकाच रेघेवर चालली की मोठं वाद्य लहानाला गिळतं. दुसरं, गिटारमधले मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचे आवाज, काढून टाकलेत आणि तळ व टोक दोन्ही वाढवलंय. किक ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, टकटक वाजतो. बासला बसायला जागाच ठेवलेली नाही. अशा मिक्समध्ये फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, नुसता वर ढकलून फार काही हाती लागत नाही, बाकीच्यांना सरकवून घ्यावं लागतं.

आणि खुद्द हेटफिल्डचं स्पष्टीकरण मला सगळ्यात पटतं, कारण ते मी रोज बघतो. त्याचं म्हणणं असं की दौरा चालू होता, शो वाजवायचा आणि परत स्टुडिओत यायचं, कान पार बधिर झाले होते. कान दमले की सगळ्यात आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात. मग माणूस त्या वाढवत सुटतो. विसर्जनाच्या आदल्या रात्री कुणाही साऊंडवाल्याला मिक्सरवर बसवा, तोही अगदी हेच करेल. २०१८ साली हा अल्बम पुन्हा काढला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता बास येईल. आला नाही. जसा होता तसाच ठेवणार, असं बँडनं ठरवलं होतं. चाहत्यांनी मात्र बास वाढवलेल्या आपापल्या आवृत्त्या केव्हाच करून ठेवल्या होत्या. त्यातल्या काही खरंच चांगल्या आहेत.

इथे कुणीतरी म्हणतंच, "अहो, माणूस जे आधी ऐकतो तेच त्याला खरं वाटतं, बाकी काही नाही." आपल्याकडे तरी हे लागू पडत नाही. आमच्या पिढीला मेटालिका भेटली ती स्टार टीव्हीवरच्या एमटीव्हीमुळे, 'एंटर सँडमन'च्या व्हिडिओतून. म्हणजे पाचवा अल्बम आधी. मग कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून 'मास्टर ऑफ पपेट्स'ची कॅसेट, तीही टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवलेली, वर निळ्या पेननं लिहिलेली नावं. पहिला अल्बम तर सगळ्यात शेवटी. तरीही १९९४-९५ साली पुण्यातली पोरं कट्ट्यावर बसून ठासून सांगत होती की "जुनी मेटालिकाच खरी". ती जुनी मेटालिका त्यांनी नवीच्या नंतर ऐकली होती! तेव्हा हे नुसतं पहिल्या प्रेमाचं प्रकरण नाही. त्या अल्बमांत काहीतरी वेगळं होतं आणि ते उलट्या क्रमानं ऐकणाऱ्यालाही ऐकू आलं.

तो पाचवा अल्बम, ज्याला सगळे ब्लॅक अल्बम म्हणतात, ऑगस्ट १९९१चा. निर्माता बॉब रॉक, जो मॉटली क्रूसारख्या चकचकीत बँडचं काम करून आला होता. लॉस एंजेलिसमध्ये वन ऑन वन स्टुडिओत महिनोन् महिने काम चाललं, खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. विकले गेल्याचा शिक्का कुठे बसत असेल तर तो इथेच, कारण मोठं व्हायचं होतं हे त्यांनी लपवलं नाही. एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. पण गाणी आखूड झाली त्याला 'जस्टिस'चा दौराही कारण होता. नऊ-दहा मिनिटांचं गाणं रोज रात्री वाजवताना समोरची गर्दी चुळबुळ करते, हे स्टेजवरून दिसतं. मला तर मिक्सरवरूनही दिसतं.

आणि हेटफिल्डचं गाणं. "रेडिओसाठी गोड गायला लागला," असं म्हणतात. त्याच काळात एक कव्हर गाणं, म्हणजे दुसऱ्या बँडचं गाणं, ओरडून रेकॉर्ड करताना त्याचा गळा बसला आणि तो रीतसर गाण्याच्या शिक्षकाकडे गेला. विशीतला पोरगा जसा बोंबलतो तसं आयुष्यभर बोंबलता येत नाही. पुढे नव्वदीच्या मध्यापासून बँड स्टेजवर वाद्यंच अर्धा सूर खाली लावायला लागला. जुन्या रेकॉर्डबरोबर घरी गिटार घेऊन बसलेल्या पोराला कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग जुळत नाही, त्यामागे सूर उतरवलेला असतो आणि तो गायकाच्या गळ्यासाठी असतो.

१९९६चा 'लोड' आणि १९९७चा 'रीलोड' यांवर मी फार वेळ घालवणार नाही. केस कापले, डोळ्यांत काजळ घातलं, बँडचं नाव लिहायची पद्धत बदलली, एक चक्क कंट्री गाणं घेतलं. अर्ध्या लोकांनी अल्बम ऐकण्याआधी फोटो बघूनच निकाल दिला. मला 'लोड' आवडतो. जवळजवळ एकोणऐंशी मिनिटांचा आहे, त्यातली तीस मिनिटं कुणीतरी कात्री लावायला हवी होती, एवढंच.

खरा तमाशा २००३चा, 'सेंट अँगर'. हा ऐकून लोक अजूनही विचारतात की तो ड्रमचा आवाज काय आहे. नीट सांगतो. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला बारीक तारांची एक पट्टी टेकलेली असते. वर काठी पडली की तारा खाली थरथरतात आणि तो ओळखीचा चरचरीत फटका येतो. ड्रमच्या बाजूला एक खटका असतो, तो खाली पाडला की तारा कातड्यापासून सुटतात. मग ड्रम उघडा वाजतो, टण्ण करून, आणि वाजत राहतो. साऊंडचेकला ड्रमर तो खटका वर करायला विसरला तर मी पहिल्या फटक्याला हात वर करतो. लार्सही असाच एक दिवस विसरला आणि ऐकल्यावर त्याला तो आवाज आवडला, असं त्यानंच सांगितलंय. झालं, पंचाहत्तर मिनिटांचा अख्खा अल्बम त्या टणटणाटावर. वर एकही गिटार सोलो नाही. चाहते म्हणाले, पत्र्याचा डबा बडवतोय. तंतोतंत वर्णन आहे ते, माझ्याकडे याहून चांगलं नाही.

पण कारण? पैसा? असा अल्बम पैशासाठी कुणी करेल का! जानेवारी २००१मध्ये जेसन बँड सोडून गेला. त्याच वर्षी हेटफिल्ड दारू सोडवण्यासाठी केंद्रात दाखल झाला आणि कित्येक महिने आलाच नाही. परतला तेव्हा त्याला रोज दुपारी बारा ते चार एवढंच काम करायची मुभा होती. (पुण्यात ज्या वेळेत दुकानं बंद, नेमक्या त्याच वेळेत यांचं काम.) बास वाजवायला माणूस नाही म्हणून निर्माता बॉब रॉकनंच बास वाजवला. सोलो नकोत, हे फॅशन बघून ठरत होतं, तेव्हा सोलो वाजवणारा गिटारवादक कर्क हॅमेटनं वाद घातला की सोलो काढलात तर अल्बमवर उलट आत्ताच्याच काळाचा छाप पडेल. हे सगळं २००४च्या 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर घडताना दिसतं. हॅमेटचं खरं ठरलं. तो अल्बम लावला की पहिल्या मिनिटात २००३ साल ओळखू येतं.

चाहत्यांचा कान सगळ्यात लख्ख सिद्ध झाला तो २००८मध्ये. 'डेथ मॅग्नेटिक' आला, निर्माता बदलला, रिक रुबिन आला, लांब गाणी आली, सोलो परत आले. जुन्या मंडळींना जे हवं होतं ते सगळं. तरी लोक म्हणायला लागले की ऐकताना डोकं दुखतंय. बरेच जण हसले, यांना काहीच पसंत पडत नाही म्हणून. पण तीच गाणी त्याच सुमारास 'गिटार हिरो' या व्हिडिओगेमसाठीही दिली गेली होती आणि गेममधली गाणी स्वच्छ वाजत होती. कुणीतरी दोन्हींचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटांची चित्रं, कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. गेममधल्या गाण्याला चढउतार होते. सीडीवरचं वरून खालून सपाट कापलेलं, नुसती वीट. सगळं इतकं मोठं दाबून भरलं होतं की लाटांची टोकं छाटली गेली होती. यालाच आम्ही क्लिप होणं म्हणतो. मिक्सरवर लाल दिवा लागून तो विझतच नाही, तशी अवस्था. पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे मिक्सनंतरचा शेवटचा हात फिरवणारा टेड जेन्सन याचं उत्तर बाहेर आलं, ते असं की मिक्स त्याच्या हातात आले तेव्हाच असे होते. इतक्या लोकांनी मिळून एका बँडला आवाजाच्या तांत्रिक दोषावर पकडलं आणि ते शंभर टक्के बरोबर निघाले, याचा मला या धंद्यात असल्यामुळे जरा जास्तच आनंद आहे. मंडळाचा कार्यकर्ता दर पाच मिनिटांनी येऊन "दादा, अजून थोडं वाढवा" म्हणतो, तेव्हा मला हाच अल्बम आठवतो.

पुढचं पटकन. ३० ऑक्टोबर २०११ला बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे धाकधूक होती. पुण्या-मुंबईहून रेल्वेच्या डब्यांत नुसते काळे टी-शर्ट होते. माझ्या डब्यातल्या एकानं रात्रभर ब्लॅक अल्बमला शिव्या घातल्या आणि मैदानावर 'नथिंग एल्स मॅटर्स' सुरू झाल्यावर डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. त्याच आठवड्यात त्यांचा रॉक गायक लू रीडबरोबरचा 'लुलू' बाजारात आला. त्यावर जुने-नवे सगळे चाहते एका सुरात तुटून पडले. तो अल्बम मीही पूर्ण ऐकू शकलेलो नाही, पण विकाऊ म्हणाल तर तो त्यांचा सगळ्यात कमी विकाऊ अल्बम आहे.

२०२३च्या '७२ सीझन्स'वरची तक्रार तर उलटीच निघाली: आवाज ठीक आहे, वेग आहे, पण नवीन काही नाही आणि फार लांब आहे. लांब आहे हे खरंच, सत्त्याहत्तर मिनिटं. तेव्हा मेटालिका कधी बिघडली, हे विचारणाऱ्या ड्रमर पोराला मी सांगतो की आधी 'जस्टिस' आणि 'डेथ मॅग्नेटिक' चांगल्या हेडफोनवर ऐक, काय खटकतं ते ड्रमरच्या भाषेत सांग आणि मग बोलू. हल्ली "'सेंट अँगर'चा स्नेअर काळाच्या पुढे होता" असं म्हणणारेही भेटायला लागलेत. माझ्या स्टेजवर मात्र तो खटका वरच राहील.