ग्रिंडेलवाल्ड-वेंगेनला स्कीइंग: कुठला रन किती वाजता घ्यायचा

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला आपले लोक उन्हाळी सुट्टीत भरभरून जातात, पण त्याच रेल्वेच्या वाटेवर क्लाइने शायडेगच्या दोन्ही अंगांना हिवाळ्यात किती कमाल स्कीइंग असतं हे मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांना निळे (सोपे) रन, म्हणजे आखलेल्या उतरणी, आरामात जमतात आणि लाल (मध्यम) जमायला लागलेत त्यांना जास्त उपयोग होईल.

इथे सगळ्यात भारी रन कुठला असं विचारू नका, किती वाजता कुठे असायचं ते ठरवा. सकाळी ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला सगळी गर्दी आयगरग्लेचरला जाणाऱ्या आयगर एक्सप्रेस या केबल कारकडे पळते, कारण युंगफ्राउयोखचे टुरिस्टही त्यातच असतात. तुम्ही त्याच इमारतीतून मेनलिशेन डोंगरावर जाणारी गोंडोला (बंद डब्यांची केबल कार) पकडा. वरची उतरण पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन आधी तिथे येतं, रात्री मशीनने सपाट केलेला बर्फ अजून कोणी उकरलेला नसतो आणि समोर आयगर शिखर उभं. रुंद निळे-लाल रन आहेत, पाय मोकळे करायला याहून चांगली जागा नाही.

मग क्लाइने शायडेगकडे सरका. आयगरग्लेचर (२,३२० मीटर) वरून खाली येणारे रन जबरदस्त आहेत, पण जानेवारीत आयगरच्या उत्तर भिंतीची सावली पडलेली असते आणि बर्फ दगडासारखा कडक लागतो, स्कीच्या कडा धार लावलेल्या हव्यातच. भाड्याने घेताना दुकानात हे आवर्जून सांगा.

दुपारी वेंगेनची बाजू, आणि माझा सगळ्यात लाडका लाउबरहॉर्न. १९३० पासून इथे रेस होते, ४.४८ किलोमीटरचा हा डाउनहिल कोर्स स्कीइंगच्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात लांब, रेसवाले तो साधारण अडीच मिनिटांत संपवतात आणि हानेगशुस या टप्प्यावर ताशी १६० किलोमीटरच्या आसपास जातात! एरवी तो आपल्यासारख्यांनाही खुला असतो. हुंडशॉप्फच्या कड्यापाशी कडेला थांबून खाली बघाच, टीव्हीवर तो उतार कधीच इतका खडा वाटत नाही, आणि पुढे वासरस्टेशनला रेल्वेखालच्या अरुंद बोगद्यातून जाताना वेग कमी ठेवा, मागून लोक येत असतात. फक्त जानेवारीच्या मध्यात रेसचा आठवडा टाळा, कोर्स बंद असतो आणि हॉटेलं फुल. खाली वेंगेनला पोचलात की दातेरी रुळांच्या रेल्वेने परत वर या, स्की पासमध्ये ती धरलेली असते. युंगफ्राउयोखचं तिकीट मात्र वेगळं.

ढग उतरले तर हट्ट करू नका. वर झाडं नाहीत, सगळं पांढरंफट्ट होतं आणि खड्डा की उंचवटा काही कळत नाही, अशा वेळी खालच्या झाडीतले रन बरे. ग्रिंडेलवाल्डच्या दरीपलीकडचा फिर्स्ट हा स्कीइंगचा भाग दक्षिणेकडे तोंड करून आहे, थंडीत तिथलं ऊन स्वर्ग, पण मार्चमध्ये दुपारपर्यंत बर्फाचा चिखल होतो.

पास घेताना म्युरेन-शिल्टहॉर्न या शेजारच्या स्कीइंगच्या भागात जाणार का ते आधी ठरवा, नसाल तर नुसता ग्रिंडेलवाल्ड-वेंगेनचा पास घ्या, तेवढ्यातच भरपूर आहे. भारतातून येणाऱ्यांनी इन्शुरन्सचे नियम नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत स्कीइंग येत नाही, आणि इथे रेस्क्यूचं बिल आपल्यालाच येतं. हेलिकॉप्टरसाठी रेगाचा (स्विस हवाई बचाव सेवा) नंबर १४१४, फोनमध्ये टाकून ठेवा. शाकाहारी असाल तर रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा तळलेला पदार्थ) मागवताना बेकन नको म्हणून स्पष्ट सांगा.

आणि संध्याकाळी मेनलिशेनवरून थेट खाली ग्रिंडेलवाल्डच्या ग्रुंड भागापर्यंत स्की करत उतरायचा मोह होईल, जवळजवळ १,३०० मीटरची उतरण आहे, सकाळी ती अप्रतिम असते, पण चार वाजता दमलेले पाय, खालचा उकरलेला बर्फ आणि घरी परतणारी सगळी जनता एकाच वाटेवर, त्यापेक्षा शेवटची गोंडोला किती वाजता आहे ते बघून ठेवा आणि तिनेच खाली या.