बाप्तिस्मा घेऊन परत पडलेल्यांचं काय?

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून रात्री जेवणं उरकली की सुरुवातीच्या ख्रिस्तसभेबद्दल (म्हणजे चर्चबद्दल) थोडंथोडं वाचतेय, आणि आज एक गोष्ट डोक्यातून जायलाच तयार नाही, म्हणून लिहून ठेवते.

आपल्या वसईत बाप्तिस्मा म्हटलं की पांढऱ्या कपड्यातलं तान्हं बाळ, गॉडफादर-गॉडमदर, फादर कपाळावर पाणी ओततात, बाळ रडतं, मग जेवण. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण पहिली दोन-तीनशे वर्षं बरीचशी माणसं कळत्या वयात, आपण काय सोडतोय हे नीट ठाऊक असताना पाण्यात उतरायची. आणि सोडायचं म्हणजे खरंच सोडायचं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 3 ऱ्या अध्यायात लोक यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, मग आम्ही करायचं काय? तो रडा म्हणत नाही, छाती बडवा म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक दे. जकातदारांना सांगतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कोणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात भागवा. म्हणजे पश्चात्ताप कुठे दिसणार, तर कपड्यांच्या पेटीत आणि पैशाच्या थैलीत. मनात काय वाटतं ते त्याने विचारलंच नाही, आणि मला हे फार पटतं, कारण वाईट वाटणं सोपं असतं, दुसऱ्या दिवशी ते उतरतंही.

पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र बोलला आणि तीनेक हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. एका दिवसात. पुढे मात्र तयारी लांबत गेली. ‘प्रेषितीय परंपरा’ नावाचा जुना ग्रंथ आहे, नेमका कोणाचा यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात तीन वर्षं शिकवणीची सांगितलीत, पण लगेच पुढे असंही की माणूस मन लावून करत असेल तर काळ मोजू नका, वागणं बघा. धंदा कोणता ते विचारायचे. मूर्ती घडवणारा असेल तर काम बंद, ग्लॅडिएटर असेल तर बंद. मुलांना शिकवणारा असेल तर सोडलेलं बरं, पण दुसरं काही येत नसेल तर चालेल! हे वाचून मला फार बरं वाटलं, नियम लिहिणाऱ्याला त्या मास्तरच्या घरातली चूल दिसत होती. आणि बाप्तिस्म्याच्या आधी चौकशी व्हायची ती अशी की याने विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का.

पाण्याबाबत इतके कडक नव्हते. ‘डिडाखे’ म्हणून त्याहून जुनं छोटंसं पुस्तक आहे, त्यात लिहिलंय वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही नसेल तर पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा डोक्यावर ओता. उपास मात्र घेणाऱ्यानेही करायचा आणि देणाऱ्यानेही.

सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपोस म्हणून गाव होतं, तिथे एक साधं राहतं घर बदलून प्रार्थनेची जागा केलेली सापडली. इ.स. 256 च्या सुमारास इराणी सैन्याचा वेढा पडला तेव्हा तटाला आधार म्हणून आतून मातीचा भराव टाकला आणि ते घर त्याखाली गाडलं गेलं, म्हणूनच वाचलं. एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, वर छत आणि छतावर रंगवलेल्या चांदण्या. मागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. पाण्यात उतरणाऱ्याला समोर न्यायाधीश दिसत नव्हता, मेंढपाळ दिसत होता. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले.

आता खरा प्रश्न. पापं धुणारा बाप्तिस्मा एकदाच. मग त्यानंतर माणूस घसरला तर? हा प्रश्न त्यांना आतून पोखरत होता. रोममधला जुना ख्रिस्ती लेखक हर्मास म्हणाला आणखी एक संधी आहे, एकच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक तर्तुलियन तर म्हणे लहान मुलांची घाई कशाला, थोडं थांबा. काहीजण थांबलेही, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 साली अगदी मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला. मला हा हिशेबीपणा नाही पटत, सगळं करून झाल्यावर शेवटी स्वच्छ होऊन निघायचं असेल तर योहानाच्या त्या दोन अंगरख्यांचं काय झालं?

पण त्याच तर्तुलियनने पडलेल्यांच्या प्रायश्चित्ताबद्दल जे लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा येतो. गोणपाट आणि राख, साधं अन्न, सगळ्यांसमोर कबुली, आणि बंधुभगिनींच्या पायाशी वाकून विनवायचं की माझ्यासाठी प्रार्थना करा. तो म्हणतो, तुम्ही त्यांच्या गुडघ्यांना हात लावता तेव्हा ख्रिस्तालाच हात लावता, आणि ते तुमच्यासाठी रडतात तेव्हा ख्रिस्तच दुःख सोसतो. पुढे तोच माणूस कठोर झाला, याचं मला वाईट वाटतं.

खरी परीक्षा 250 साली आली. रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला, सगळ्यांनी रोमच्या देवतांना बळी द्यायचा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत. एकात अर्जदाराचं नाव ऑरेलियस डायोजेनिस, वय 72, उजव्या भुवईवर व्रण. मी नेहमी बळी देत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर अर्पण केलं आणि चाखलं, तरी सही करावी. तो ख्रिस्ती होता असं नाही, हुकूम सगळ्यांनाच होता. पण अशाच कागदासाठी हजर झालेल्यांत बाप्तिस्मा घेतलेली किती माणसं होती! कोणी घाबरून बळी दिला, कोणी पैसे चारून नुसता कागद मिळवला. आणि छळ ओसरल्यावर ती दारात येऊन उभी राहिली, आम्हाला परत घ्या म्हणून.

रोममधला नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, नाही. देव क्षमा करील तर करील, ख्रिस्तसभेने करू नये. दुसरीकडे तुरुंगात छळ सोसलेल्यांकडून शिफारसपत्रं आणून लगेच आत येऊ बघणारेही होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती, त्याने आणि इतर बिशपांनी 251 साली बसून एकेकाचं प्रकरण बघायचं ठरवलं. नुसता कागद घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यायचं. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, आणि मरणाच्या वेळी त्यांना नाही म्हणायचं नाही.

मला आधी हे फार कडक वाटलं. मग जाणवलं की ते कोणाची किंमत शून्य करत नव्हते, ना पडलेल्यांची, ना जे पडले नाहीत आणि मार खाऊन आले त्यांची. एका दिवसात माफ करून टाकलं असतं तर त्या दुसऱ्यांच्या जखमांचं काय?

आणि थोड्याच काळात परत छळाची चिन्हं दिसायला लागली, तेव्हा त्याच बिशपांनी आपला निर्णय बदलला. जे इतके दिवस दारात थांबून प्रायश्चित्त करतायत त्या सगळ्यांना आत्ताच आत घ्या, ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त द्या, कारण उद्या परत त्यांच्याकडे तोच दाखला मागतील आणि उपाशी माणसाला लढाईवर पाठवायचं नसतं. सिप्रियनचा 258 साली शिरच्छेद झाला, त्या वेळी मात्र त्याने मरण टाळलं नाही.